देवळीच्या अलीकडे अडणारी गाडी

१

बाबूसिंग राठोडची नवी गाडी पुन्हा देवळीच्या अलीकडे अडली, ही बातमी कळंबात पोचली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो जब्बार मिस्त्रीला. दुसऱ्याच्या खोळंब्याचा आनंद उघड करता येत नाही. म्हणून त्यानं तोंड पाडलं, 'अरेरे, अरेरे' म्हटलं आणि हातातला पाना खाली ठेवून बातमी आणणाऱ्याला चहा पाजला. जब्बारनं कुणाला आपणहून चहा पाजल्याचं त्या रस्त्यावर कुणाला आठवत नव्हतं.

गाडी काही बंद पडत नव्हती. कापसाच्या गाठी भरून कळंबहून निघायची, मजेत पळायची, आणि देवळी जवळ आली की ड्रायव्हरच्या समोर पिवळा दिवा लागायचा. मग त्यानं पाय कितीही दाबला तरी गाडी बैलबंडीच्या चालीनं चालायची. दिवाळीपासून दर खेपेला हेच. त्या साली बोंडअळीनं कापसाची अशी दैना केली होती की सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या अंगणातले ढीग निम्म्यावर आले होते. गाठी थोड्या आणि गाड्या फार. पुन्हा उशीर झाला तर माल दुसऱ्याच्या गाडीत जाईल, असं जिनिंगवाल्यानं बाबूसिंगला तोंडावर सांगितलं होतं.

यात जब्बारनं खूश व्हावं असं काय होतं? होतं ना. ती गाडी मुजफ्फर दुरुस्त करत होता.

मुजफ्फर म्हणजे जब्बारच्या बहिणीचा मुलगा. पाना कसा धरायचा ते तो मामाच्याच हाताखाली शिकला. मग यवतमाळला जाऊन कसलासा कोर्स करून आला आणि येताना एक स्कॅनर घेऊन आला. स्टीअरिंगखाली त्याची वायर खोचली की छोट्या पडद्यावर इंजिनाची तक्रार आकड्यात उमटायची. समोरच्याच बाजूला, बाबूसिंगच्या गाळ्यात, त्यानं दुकान मांडलं. जब्बारची रीत जुनी. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. पूर्वी लोक ते बघायला थांबत. आता लोक समोरच्या पडद्याभोवती थांबत, आणि जब्बारला आपले डोळे उघडावेसेच वाटत नसत.

दुपारी बाबूसिंग स्वतः आला. कपाळावर आठ्यांचं जाळं.

"जब्बारभाई, या पोट्ट्यानं माहा जीव खाल्ला. दरवेळी मशीन लावते अन् म्हनते, युरिया खराब आहे. मी सीलबंद कॅन आनतो, तेच्याच हातानं भरून घेतो. गाडी जाऊन येते अन् पुढच्या खेपेले पुन्हा तेच रडगानं!"

प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या या गाडीला डिझेलशिवाय आणखी एक छोटी टाकी होती, निळ्या झाकणाची. धूर साफ करण्यासाठी तिच्यात युरियाचं पाणी भरावं लागतं, आणि ते पाणी बिघडलं की गाडी आपला जोर आपणच कमी करते.

"मले तं वाटते, थे मशीनच गाडीत खोट घालते," बाबूसिंग म्हणाला. "म्हंजे गिऱ्हाईक पुन्हा याच्याच दारात. तुमी पाहा. मशीन खोटी असन तं बाजाराच्या दिवशी चार मानसांसमोर तसं सांगा. त्याच दिवशी गाळा खाली करून घेतो. मंग कळंबात तेच्याकडं कोन गाडी आनते ते मी पाह्यतो."

भाच्याचं दुकान आता जब्बारच्या एका शब्दावर टांगलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर जब्बारला ते फार आवडलं.

२

मामा-भाचे एकमेकांशी बोलत नव्हते त्याला बरेच दिवस झाले होते. जब्बार बाबूसिंगच्या अंगणात पोचला तेव्हा मुजफ्फर गाडीच्या केबिनमध्ये स्कॅनर लावून बसला होता.

"या मामू," तो म्हणाला. "हे पाहा. गाडी म्हनते, टाकीतलं पानी खराब आहे."

"गाडी म्हनते का तुही मशीन म्हनते?"

"मशीन स्वतःहून काहीच म्हनत नाई. गाडी बोलते तेवढंच दाखवते."

जब्बारनं वर चढून पडद्याकडे पाहिलं. आकडे स्वच्छ, ठळक. त्याला ते यंत्र हातात घेऊन बघायची इतकी इच्छा झाली की त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

"अन् पानी तूच भरलंतं ना?"

"मीच. चांगलं होतं. गाडी परत आली तवाबी लावून पाह्यलं, चांगलंच होतं. दोन खेपांच्या मधात काहीतरी होते, मामू. काय होते ते मशीन नाई सांगत. टाकीत काय आहे ते सांगते, टाकी कोनं उघडली ते तिले काय मालूम?"

उत्तर सरळ होतं आणि म्हणूनच जब्बारला झोंबलं. तो खाली उतरला, गाडीच्याच किल्लीनं निळं झाकण उघडलं. तोंडाशी मिठासारखा थर जमला होता. तसा तो जमतोच, पण पांढरा. हा पिवळसर होता. जब्बारनं बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. त्यानं ते नाकाशी नेलं आणि थबकला.

कडुनिंबाचा वास.

सीलबंद कॅनमधलं पाणी तर नितळ असतं. निंबाचं तेल लावलेलं असतं ते शेतातल्या युरियाच्या दाण्यांना, पोत्यातल्या खताला. कुणीतरी खत पाण्यात कालवून गाडीच्या टाकीत ओतत होतं. म्हणजे स्कॅनर अक्षरशः खरं सांगत होता.

"काय सापडलं, मामू?" मुजफ्फरनं वरून विचारलं.

जब्बारनं बोट पँटला पुसलं.

"काई नाई," तो म्हणाला.

३

बोट पुसलं तरी वास जाईना. भाच्याला वाचवायची गोष्ट पुढची. पण आपल्याला उत्तर सापडतंय आणि त्या मशीनला सापडत नाही, या विचारानं जब्बारला चेव चढला. हे करणारा कोण ते शोधायचं आणि मग सांगायचं की नाही ते आपण ठरवायचं.

गाडी चालवणारा रोशन. पंचविशीतला, हुशार, आणि गाडीवरचे दिवे आणि सूचना वाचता येतात म्हणून बाबूसिंगनं नवी गाडी त्याच्या हाती दिलेली. जिनिंगच्या फाटकाशी जब्बारनं त्याला गाठलं.

"मी परत येतो तवा युरियाचा काटा अर्ध्यावर राह्यते," रोशननं सांगितलं. "निंगाच्या वक्ती पाह्यतो तं फुल्ल. मले वाटलं, मालकानं भरला."

"विचारलं नाई मालकाले?"

"काहून विचारू? नवी गाडी मले देली म्हनून आधीच सगळे टपून आहेत. 'तुलेच ठावं नाई का' म्हनतीन. मी चूप राह्यलो."

"चाबी?"

"आलो का घरी देतो. स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीले राह्यते."

आणि बाबूसिंगला वाटत होतं, मधली भर रोशन घालतो. ज्यानं विचारायचं तो मानापायी गप्प, आणि ज्याला सांगता आलं असतं त्याला कुणी विचारतच नव्हतं.

दुसरा उत्तमसिंग. बाबूसिंगच्या तांड्यातलाच, त्याच्या पहिल्या गाडीपासूनचा ड्रायव्हर. नवी गाडी आपल्यालाच मिळणार असं त्यानं घरी सांगूनही टाकलं होतं. मिळाली जुनीच. आता तो अंगणात, दोन्ही गाड्यांच्या मधोमध बाज टाकून झोपायचा. जब्बारच्या मते गुन्हेगार असाच दिसायला हवा होता.

"त्या गाडीले मी हात लावत नाई," उत्तमसिंग म्हणाला. "लावला तं रोशन्या म्हनन, म्हातारा जळते."

"जळता का?"

"मंग काय आरती ओवाळू? अन् मिस्त्री, हे तुमी मले विचारता? समोरच्या दुकानात गाडी लागली का तुमचं जेवन खाली उतरत नाई, हे अख्ख्या रस्त्याले मालूम आहे."

जब्बारचा चेहरा उतरला, पण तो हटला नाही. "गाडीजवळ कोन येते?"

"कोनीच नाई. मी अन् कुत्रं. सकाळी घरची बाई तेवढी येते. चाकाले पानी घालते, हळदकुंकू लावते. ते काय येनं झालं?"

"खताचं पोतं आहे का घरी? युरियाचं?"

"कापूस तं बोंडअळीनं नेला. उपटून हरभरा टाकला, कोरडवाहू. हरभऱ्याले कोन युरिया देते? विहीर असती तं गहू केला नसता का?"

जब्बार सायकल काढून मुद्दाम उत्तमसिंगच्या शेताकडे गेला. हरभराच होता, हातभर अंतरावर बारकी, कोरडी झाडं. चोर म्हणून हा माणूस इतका शोभत होता, आणि त्याच्या घरी खताचा दाणा नव्हता. रोशनला शेतच नाही. मुजफ्फरलाही नाही, आणि दर खेपेला नाव तर त्याचंच खराब होत होतं. जब्बार हिरमुसून सायकल वळवायला लागला आणि त्याची नजर बांधापलीकडे गेली.

पलीकडे विहिरीवर मोटार चालू होती, पाटाला पाणी खळखळत होतं, आणि गुडघाभर हिरवागार गहू उभा होता. शेत बाबूसिंगचं होतं.

४

बाबूसिंग जिनिंगवर गेलेला असताना जब्बार त्याच्या घरी गेला. बाबूसिंगची बायको लालीबाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. दाराशी खुंटीला चाव्यांचा जुडगा लटकत होता.

"बसा, जब्बारभिया. पानी घ्या."

पाणी पिऊन जब्बारनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाभी, औंदा गहू झकास आहे. युरिया देला वाट्टे?"

"देला ना. एक पोतं उरलंबी."

"उरलेलं आता अर्धं झालं असन."

लालीबाईचा चेहरा फुलला. "तुमाले कसं मालूम? गाडी पेते ना!"

जब्बारला ठसका लागला.

"माही सासू सांगे," लालीबाई सूप बाजूला ठेवत म्हणाली, "लदेणीच्या वक्ती आपले लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरत. बैल परतला का तांड्यातली बाई पह्यले बैलाले पाजे, मंग मानसाले वाढे. आता बैल गेले, गाडी आली. रोशन म्हने, ही गाडी युरिया पेते. हे शहरातून कॅन आनत राह्यतात अन् घरात पोतं पडलेलं! मी कोमट पान्यात विरघळवते, लुगड्याच्या फडक्यातून गाळते. कचरा नको ना जायले पोटात."

इतक्या मायेनं कुणी गाडीचा सत्यानाश केल्याचं जब्बारनं आजवर ऐकलं नव्हतं. त्यानं तिला हळूहळू समजावून सांगितलं. खत वेगळं, गाडीचं पाणी वेगळं. निंबाच्या तेलानं गाडीचा घसा धरतो. ऐकता ऐकता लालीबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"म्हंजे... देवळीपाशी अडते ते माह्यापायी?"

"हाव, भाभी."

"यायले नका सांगू, भिया. गाडी आल्यापासून या घरात माह्याकडं कोनी पाह्यत नाई. उठलं का गाडी, बसलं का गाडी. मले तिचा राग ये. मंग म्या म्हटलं, एवढी लाडाची आहे तं माहाबी हात लागू दे तिले. आता यायले कळलं तं हे मले अंगनात उभी करतीन नाई."

जब्बार उठला. "नाई सांगत," म्हणाला.

रस्त्यानं जाताना त्याला उमगलं की आपण केवढ्या सोयीच्या जागी येऊन उभे राहिलो आहोत. गप्प बसलं की एका बाईची अब्रू राखल्याचं पुण्य आणि समोरचं दुकान बंद. आपल्याला खोटंही बोलावं लागणार नाही फारसं. 'मशीनचा भरवसा नाही' एवढंच म्हणायचं. त्याला स्वतःची जरा भीतीच वाटली, पण पावलं हलकी पडत होती हेही खरं.

५

बाजाराच्या दिवशी बाबूसिंगच्या अंगणात माणसं जमली. जिनिंगचा माणूस होता, गाड्यांचे दोन मालक होते, रोशन, उत्तमसिंग, आणि निव्वळ तमाशा बघायला आलेले बरेच. मुजफ्फर स्कॅनर फडक्यात गुंडाळून घेऊन आला होता. मामा काय बोलणार हे त्यानं धरूनच ठेवलं असावं. दुकानाची पाटी त्यानं सकाळीच उतरवली होती.

"बोला, जब्बारभाई," बाबूसिंग म्हणाला. "मशीन खरी का खोटी?"

जब्बारनं घसा साफ केला. शब्द तयार होते. "मशीनचा..." एवढंच तो बोलला आणि बाबूसिंगला तेवढं पुरलं. त्यानं मुजफ्फरच्या हातातून ते गाठोडं हिसकलं, फडकं फेकलं आणि स्कॅनर डोक्यावर उचलला. खाली फरशी होती.

"फेकू नका!" जब्बार ओरडला. "हत्यार आहे ते!"

दसऱ्याला दुकानातल्या एकेका पान्याला हार घालणारा माणूस होता तो, मुसलमान असला तरी. चालतं हत्यार कुणी फोडावं हे त्याला बघवलं नाही, आणि मग तोंडातून पुढचंही आपसूक बाहेर पडलं.

"खरं बोलते ते. पह्यल्यापासून खरं बोलून राह्यलं!"

त्यानं सगळ्यांना टाकीपाशी नेलं. झाकण उघडून एकेकाला वास घ्यायला लावला. निंब. सीलबंद कॅनमध्ये निंब नसतो, पोत्यात असतो. गाडी येताना चांगली असते आणि निघताना बिघडलेली, म्हणजे मुजफ्फरनं भरलेलं पाणी चांगलं होतं आणि भेसळ इथंच, याच अंगणात होते. मुजफ्फर आणि रोशनला शेत नाही. उत्तमसिंगचा हरभरा, त्याला युरिया लागत नाही.

"या दिवसात युरियाचं पोतं गहूवाल्याच्याच घरी राह्यते," जब्बार म्हणाला आणि थांबला.

"मंग नाव घ्या ना!" बाबूसिंग गरजला.

"नाव नाई घेत."

"काहून?"

जब्बारनं टाकीचं निळं झाकण लावायला घेतलं. तेवढ्यात मागून उत्तमसिंगचा आवाज आला, सावकाश, चवीनं. "गहू तं मिस्त्रीच्या भावानंबी पेरला आहे. अन् मुजफ्फरचं दुकान बुडालं तं फायदा कोनाचा?"

कुणीतरी "हाव रे" म्हटलं. जिनिंगच्या माणसानं मान डोलावली. बाबूसिंगनं स्कॅनर मुजफ्फरच्या हातात ठेवला आणि जब्बारकडे वळला.

"तुमी? माही गाडी तुमी खराब केली? भाच्यावर जळून?"

जब्बारकडे एकच उत्तर होतं. चावी. झाकणाला कुलूप होतं आणि चावी बाबूसिंगच्याच स्वयंपाकघरापाशी होती, तिथं जब्बारचा हात पोचणार कसा? पण हे बोलायचं म्हणजे बोट सरळ त्या दाराकडे करायचं. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. राग होता, हसू होतं. आश्चर्य मात्र एकाही चेहऱ्यावर नव्हतं. मुजफ्फरच्याही नाही.

६

"त्याईनं नाई केलं."

लालीबाई दारात उभी होती. पदर डोक्यावर, आवाज मोठा.

"म्या पाजला. गव्हातला उरलेला. आपल्या गाडीले आपल्या घरचं." बाबूसिंगनं तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला. "मले रागावू नका. तुमी सगळे दिवाळीपासून या गाडीवर बोलून राह्यले, सकाळ-संध्याकाळ. मी रोज सकाळी तिच्यापाशी उभी राहो. कोनी एकानं विचारलं असतं का बाई, तू इथं काय करत असते, तं सांगितलं असतं."

बाबूसिंग मटकन उत्तमसिंगच्या बाजेवर बसला आणि कपाळ धरून म्हणाला, "गाळून पाजलं का निदान?"

"लुगड्याच्या फडक्यातून," लालीबाई म्हणाली, आणि अंगणात पहिल्यांदा कुणीतरी खरं हसलं.

पुढचं झटपट झालं. बाबूसिंगनं मुजफ्फरच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून माझ्या दोन्ही गाड्या तुझ्याकडे, जुनीसुद्धा. जुनी गाडी आजवर जब्बारकडे यायची. बाकीच्या मालकांनीही तिथल्या तिथं मुजफ्फरला घेरलं. भाच्यानं गर्दीतून मामाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर जब्बार फाटकाबाहेर पडला होता.

दुकानाला लागूनच असलेल्या घरी त्याची बायको हुस्नाबी दारातच उभी होती. बाजारातून बातमी त्याच्याआधी पोचली होती, पण अर्धीच.

"कायको किया जी तुमने ऐसा?" ती रडवेली होऊन म्हणाली. "बच्चा है वो अपना."

जब्बारनं तिला सगळं सांगितलं. निंबाचा वास, गहू, लालीबाई. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"मेरे को लगा..." ती म्हणाली आणि थांबली.

"काय वाटलं?"

ती तांब्या भरायला उठली. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईनं त्याचं बरंवाईट सगळं पाहिलं होतं, आणि आज बाजारातून खबर आली तेव्हा तिला घडीभरही शंका आली नव्हती. अंगणातल्या लोकांचं जब्बारला इतकं लागलं नव्हतं. हे लागलं.

त्यानं तोंड धुतलं, टोपी नीट केली आणि चपला घातल्या.

"अब कहाँ चले?"

"मुजफ्फरकडं."

"कायको?"

"त्याले सांगाले, का मी तुह्यावर जळतो. सगळ्या कळंबाले ठावं आहे. माह्या तोंडून तेवढं त्यानं कधी ऐकलं नाई."

हुस्नाबी दारापर्यंत आली. रस्त्यापलीकडे मुजफ्फर स्टुलावर उभा राहून दुकानाची पाटी पुन्हा लावत होता, आणि जब्बार दोन्ही बाजूंच्या गाड्या बघून सावकाश रस्ता ओलांडायला लागला.